रस्ता गावाचा, दंड सरकारचा

रस्त्यावर नको तेथे वाहन उभे करणाऱ्यास दंड किती करावा, या प्रश्नाचा गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पुष्कळ खल झाला. तो दंड कोणी करावा आणि त्याची रक्कम कोणाच्या तिजोरीत जमा व्हावी, हा त्याहून मूलभूत प्रश्न मात्र फारसा कोणी उपस्थित केला नाही. मुंबई-पुण्यात तो न विचारताही काही काळ भागते. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीसारख्या गावात तो विचारल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

वज्रेश्वरी हे तानसा नदीकाठचे जुने तीर्थक्षेत्र. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला. त्या मोहिमेत देवीला केलेला नवस फेडण्यासाठी येथील मंदिर उभे राहिले असे परंपरा सांगते, आणि मंदिराचे किल्ल्यासारखे प्रवेशद्वार पाहिले म्हणजे ते पटतेही. जवळच अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत आणि थोडे पुढे गणेशपुरी, जेथे १९६१ मध्ये नित्यानंद स्वामींनी देह ठेवला. मुंबईपासून हा परिसर सुमारे ७५ किलोमीटर अंतरावर आहे. भिवंडीकडून अंबाडीमार्गे किंवा मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून शिरसाड फाट्याने, कोठूनही निघाले तरी सकाळी जाऊन सायंकाळी परत येता येते. देवदर्शन, कुंडातील स्नान आणि जेवण असा एका दिवसाचा कार्यक्रम ठरवणाऱ्या शहरी कुटुंबाला याहून सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. रविवारी, नवरात्रात आणि चैत्र वद्यातील यात्रेच्या दिवसांत गावाच्या रस्त्यांवर जो ताण येतो त्याचे मूळ या सोयीतच आहे.

गर्दी तीर्थक्षेत्राला नवी नाही. बदलले आहे ते गर्दीचे वाहन. एस.टी.ची एक गाडी पन्नास माणसे आणते, थांब्यावर उतरवते आणि पाच-दहा मिनिटांत जागा मोकळी करून निघून जाते. तेवढीच माणसे आणणाऱ्या दहा-बारा मोटारी मात्र यजमानाच्या घरी मुक्कामास आलेल्या पाहुण्यांप्रमाणे तीन-चार तास हलत नाहीत. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर रस्त्याची जागा ही दुर्मिळ वस्तू झाली असून ती फुकट वाटली जात आहे. आणि जी दुर्मिळ वस्तू फुकट मिळते तिच्यासाठी पैशाऐवजी दुसरे काही तरी मोजावे लागते. येथे ते मोजणारा मोटारवाला नसतो. वेळेवर न सुटलेल्या एस.टी.त ताटकळणारा कारखान्याचा कामगार, दुकानासमोर मोटार उभी राहिल्याने सकाळचे गिऱ्हाईक गमावणारा हारफुलांचा विक्रेता, शाळेतून परतताना वाहनांच्या रांगांतून वाट काढणारी मुले, आणि या रांगेमागे अडकलेल्या रुग्णवाहिकेतील एखादी बाळंतीण, असे हे मोजणारे असतात. त्यांतील शेवटच्या व्यक्तीच्या बाबतीत तर किंमत पैशात सांगण्याचे कारणच उरत नाही.

अशा वेळी ही व्यवस्था कोणी लावायची? रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याचा. त्यावरील वाहतुकीचे नियमन करणार ठाणे ग्रामीण पोलीस. वज्रेश्वरीसाठी त्यांचे ठाणे गणेशपुरीला, आणि त्या ठाण्याकडे आसपासची कितीतरी गावे. यात्रेपुरते निर्बंध जारी करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३३ व्या कलमान्वये जिल्हादंडाधिकाऱ्यांना. वाहनाची नोंद परिवहन खात्याकडे. भाविक येतात ते देवस्थानाच्या विश्वस्तांकडे. आणि सायंकाळी सर्व मोटारी निघून गेल्यावर मागे राहिलेल्या पत्रावळी, बाटल्या आणि तुंबलेली गटारे साफ करण्याचे काम ग्रामपंचायतीकडे. म्हणजे अधिकार ज्यांचे आहेत ते गावात राहत नाहीत, आणि जे गावात राहतात त्यांच्याकडे केवळ झाडू आहे. हे विधान थोडे कठोर वाटेल. परंतु कायद्याची पुस्तके उघडली की ते सौम्यच ठरते.

गेल्या काही वर्षांत झालेले बदल प्रथम पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील १७७ व्या कलमाने, जेथे अन्य शिक्षा सांगितलेली नाही अशा किरकोळ अपराधांस पहिल्या वेळी १०० आणि पुढे ३०० रुपयांपर्यंत दंड ठरवला होता. तीस वर्षे तो तसाच राहिला. या काळात रुपयाची किंमत इतकी घसरली की शहरातील एखाद्या खासगी वाहनतळावर दोन तासांस जेवढे पैसे पडत त्याहून हा दंड फारसा अधिक राहिला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तो पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर १५०० रुपये झाला. दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाली. पण विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या आणि तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला पत्र लिहून महाराष्ट्रात नवे दर लागू करण्यास नकार दिला. ते दर राज्यात आले डिसेंबर २०२१ मध्ये. दरम्यान २०१७ पासून मुंबईत आणि नंतर राज्यभर ई-चलन पद्धत सुरू झाली. हवालदाराने पावतीपुस्तक काढून दंड घ्यावा, त्याऐवजी छायाचित्र काढावे आणि वाहनमालकाच्या भ्रमणध्वनीवर संदेश जावा, असा हा बदल. चौकात होणारी घासाघीस त्यामुळे कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. मात्र चलन पाठवणे सोपे झाले तरी वसुली सोपी झाली नाही. दंडाचे ढीग साचत गेले आणि ते लोकअदालतीत तडजोडीने निकालात काढण्याची पाळी आली. तडजोड होणार हे ठाऊक झालेला माणूस मूळ दंड वेळेवर कशाला भरील?

शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांना १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी स्वतःची एक गंमत सांगितली होती. साठीच्या दशकात कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घेण्यासाठी ते मोटारीने निघाले आणि त्यांना उशीर झाला. मोटार पैसे देऊन वाहनतळात ठेवावी की रस्त्यावर नियम मोडून उभी करावी? दंड होण्याची शक्यता किती, दंड किती आणि वाहनतळाचे भाडे किती, याचा त्यांनी मनाशी हिशेब केला आणि मोटार रस्त्यावर उभी केली. दंड झाला नाही. त्या हिशेबातूनच गुन्हा आणि शिक्षा यांचा आर्थिक विचार करणारा त्यांचा १९६८ चा प्रसिद्ध निबंध जन्मास आला.

हा हिशेब वज्रेश्वरीस लावून पाहावा. समजा, चुकीच्या जागी उभ्या केलेल्या वीस वाहनांपैकी एकाला पूर्वी १०० रुपये दंड होत होता. म्हणजे नियम मोडण्याची सरासरी किंमत पाच रुपये. आता दंड ५०० झाला. पण यात्रेचे दोन-चार दिवस सोडले तर गावात वाहतुकीचे काम पाहणारा पोलीस दिसणेच विरळा. चलन दोनशे वाहनांपैकी एकाला झाले तर तीच किंमत अडीच रुपयांवर येते. दंड पाचपट वाढूनही नियम मोडणे स्वस्त झाले, असा हा उफराटा न्याय. ही आकडेमोड उदाहरणादाखल आहे. तिच्यातील तत्त्व मात्र उदाहरणापुरते नाही. माणूस दंडाच्या आकड्याला भीत नाही, तो दंड होण्याच्या खात्रीला भितो. आणि खात्री केवळ अशा यंत्रणेलाच देता येते जी रोज त्या जागी असते.

मुंबई महानगरपालिकेने जुलै २०१९ मध्ये एक प्रयोग केला. तिच्या सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांवर दुचाकीस ५ हजार रुपयांपासून अवजड वाहनास २३ हजारांपर्यंत आकारणी जाहीर झाली. आकडे डोळे दिपवणारे होते आणि वृत्तपत्रांचे लक्ष साहजिकच त्यांच्यावर खिळले. वस्तुतः त्या निर्णयातील महत्त्वाची गोष्ट आकडा नव्हती, ५०० मीटरची अट होती. आधी जागा उपलब्ध करून द्यावी, ती कोठे आहे हे सांगावे आणि मगच रस्ता अडवणाऱ्याला शासन करावे, हा न्याय तीत होता. पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये रस्त्यावरील जागेसाठी पैसे आकारण्याचे धोरण मंजूर केले, पण विरोधापुढे ते कागदावरच अडखळले. पैसे कशासाठी घेतले जाणार आणि कोठे खर्च होणार याविषयी नागरिकांची खात्री पटवता आली नाही, हे त्या विरोधामागचे एक मोठे कारण होते, असे म्हणण्यास जागा आहे.

तरीही मुंबई-पुण्याला निदान असे प्रयोग करण्याचा अधिकार आहे. ग्रामपंचायतीची गोष्ट निराळी. राज्यघटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्या एकाच वेळी, १९९२ च्या अखेरीस, संसदेने संमत केल्या. त्यांनी घटनेला दोन नव्या अनुसूची जोडल्या. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत सतरावी बाब आहे ती सार्वजनिक सोयींची, आणि तीत दिवाबत्ती, बसथांबे यांच्या बरोबरीने वाहनतळाचा स्पष्ट उल्लेख आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत रस्ते आहेत, पूल आहेत, बाजार आणि जत्रा आहेत; वाहनतळ नाही. मोटार हे शहराचे दुखणे आहे आणि खेड्याला त्याची बाधा होणार नाही, असे १९९२ साली घटनादुरुस्ती करणाऱ्यांना वाटले असेल तर त्यांना फार दोष देता येत नाही. तीस वर्षांनंतर त्याच समजुतीवर राज्यकारभार चालावा, हे मात्र अक्षम्य आहे.

त्याहून मौजेची गोष्ट १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाची. त्याच्या १२४ व्या कलमात पंचायतीला कोणते कर आणि कोणती फी बसवता येते याची यादी आहे. यात्रेकरूंवरील कर तीत आहे. जत्रा, उत्सव यांवरील कर आहे. सायकली आणि जनावरांनी ओढावयाची वाहने यांवरील कर आहे. आणि गाडीतळ व टांगातळ यांवरील फीही आहे. बैलगाडी आणि टांगा कोठे सोडावा, बैलाने कोठे रवंथ करावे, याची काळजी वाहणारा हा कायदा त्याच्या काळी अगदी व्यवहारी होता. यात्रेकरू गावाचे पाणी पितो, गावाच्या गटारांवर भार टाकतो, त्याचा गाडीबैल गावाची जागा अडवतो. तेव्हा त्याने गावाला काही द्यावे, हे साधे तत्त्व त्यामागे होते. टांगा गेला आणि मोटार आली, तेव्हा ते तत्त्व अधिक लागू व्हावयास हवे होते. घडले उलटेच. टांग्याची फी गावाकडे जाण्याची सोय होती. मोटारीचा दंड राज्याच्या तिजोरीत जातो. आज एखाद्या यात्रागावी पंचायतीने मोकळ्या मैदानावर दोरी बांधून वाहनांचे पैसे घ्यायचे ठरवले, तर तिला टांग्याच्या काळातील शब्दांचा आधार शोधावा लागतो, आणि पावती फाडणाऱ्या पोराशी मोटारवाल्याने हुज्जत घातली की कोणत्या नियमाखाली हे पैसे घेतले जात आहेत याचे उत्तर त्या पोराकडे नसते.

वज्रेश्वरीचा प्रश्न भाविकांच्या मोटारींचा, म्हणून तो सणासुदीपुरता आहे असे कोणाला वाटेल. त्यांनी त्याच भिवंडी तालुक्याच्या दक्षिणेस राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी या गावांकडे पाहावे. यंत्रमागांच्या या तालुक्यात गोदामांचे नवे साम्राज्य उभे राहिले ते ग्रामपंचायतींच्या हद्दीत. कारण शहराच्या हद्दीतील जकात आणि जमिनीचे भाव दोन्ही त्यामुळे टळत होते. तेथे मालमोटारी आणि कंटेनर रस्त्याच्या कडेला माल भरण्याची पाळी येण्याची वाट पाहत उभे राहतात. गोदामाच्या मालकाने स्वतःच्या आवारात ठेवावयास हवे होते ते वाहन तो सार्वजनिक रस्त्यावर ठेवतो. म्हणजे आपल्या धंद्याच्या खर्चाचा एक भाग गावकऱ्यांवर ढकलतो. वज्रेश्वरीत हेच देवाच्या नावाने होते, पूर्णा-काल्हेरला व्यापाराच्या नावाने. दोन्हीकडे पंचायत प्रेक्षक.

कायदा बदलल्यावाचून काही होणार नाही, ही सबब नेहमी पुढे केली जाते. ती अर्धीच खरी आहे. मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमानुसार वाहने कोठे आणि किती वेळ उभी करता येतील हे राज्य सरकारला, किंवा सरकारने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवता येते. म्हणजे गावाचा सल्ला घेणे ही मेहेरबानी नाही, कायद्याची अपेक्षा आहे. अपराध कोणत्या अधिकाऱ्याने किती रकमेवर मिटवावेत हे अधिसूचनेने ठरवण्याचा अधिकार २०० व्या कलमाने राज्याकडेच दिला आहे. पंचायतींना फी आकारण्यास प्राधिकृत करण्याची मुभा घटनेच्या २४३-एच या अनुच्छेदाने विधिमंडळाला दिलेली आहे. १२४ व्या कलमातील गाडीतळ आणि टांगातळ या शब्दांशेजारी वाहनतळ हा एक शब्द घालण्यास विधानसभेला एक दुपार पुरेल.

इंग्लंडने हा मार्ग पूर्वीच चोखाळला आहे. तेथेही वाहन कोठे उभे करावे हा पोलिसांचा आणि फौजदारी न्यायालयाचा विषय होता. १९९१ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने लंडनमध्ये तो पोलिसांकडून काढून नगरसत्तांकडे देण्यास सुरुवात केली. २००४ च्या कायद्याने ती व्यवस्था अधिक व्यापक झाली. दंडाविरुद्ध दाद मागण्यासाठी स्वतंत्र निवाडाधिकारी नेमले गेले. आणि उरलेली शिल्लक कशावर खर्च करता येईल याला कायद्याने बंध घातला: वाहनतळ, सार्वजनिक वाहतूक, रस्तेसुधारणा. लंडनच्या बार्नेट नगरसत्तेने रहिवाशांच्या परवान्यांचे दर रस्त्यांचा अन्य खर्च भागवण्यासाठी वाढवले, तेव्हा २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ती वाढ बेकायदा ठरवली. वाहने सुरळीत उभी राहावीत यासाठी पैसे घेता येतात, तिजोरी भरण्यासाठी नव्हे, असा त्या निकालाचा आशय. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पॅसाडीना शहराच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये रस्त्यावरील जागेसाठी मीटर बसले. दुकानदारांचा प्रथम विरोध होता. मीटरचे उत्पन्न त्याच रस्त्याच्या पदपथांवर, दिव्यांवर आणि स्वच्छतेवर खर्च होईल असे ठरले तेव्हा विरोध मावळला. डोनाल्ड शूप या अर्थशास्त्रज्ञाने २००५ च्या आपल्या ग्रंथात या उदाहरणाचा आग्रहाने पुरस्कार केला. हारफुलांचे दुकान पॅसाडीनात असो वा वज्रेश्वरीत, दुकानदाराचे गणित सारखेच असते.

आता आक्षेप. ग्रामपंचायतीला हा अधिकार दिला तर ती ठेका देईल, ठेकेदार गावातील दांडगट असेल, पावती दहाची आणि वसुली पन्नासाची होईल, असे म्हटले जाते. हा आक्षेप खोटा नाही. महाराष्ट्रातील कित्येक यात्रास्थळी भाविकांना असा अनुभव येतो. परंतु तो येतो तो अधिकार अस्पष्ट असल्यामुळे. ज्या वसुलीला नियम नाही तिचा दरफलक लावता येत नाही. जिचा दरफलक नाही तिची तक्रार कोठे करायची? अधिकार द्यावयाचा तर त्याच्याबरोबर अटीही घालाव्या लागतील. दर फलकावर हवा. पावती क्रमांकित हवी. ठेका दिलाच तर लिलावाची रक्कम आणि खर्चाचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला गेला पाहिजे. दाद मागण्याची जागा पंचायतीबाहेरची हवी, उदाहरणार्थ गटविकास अधिकाऱ्याकडे. आणि वाहन उचलून नेण्याचा अधिकार मात्र पोलिसांकडेच राहावा. कायद्याच्या १२७ व्या कलमाने तो गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे आणि तेथेच तो शोभतो. पंचायतीच्या हाती जबरदस्ती देण्याचे कारण नाही. तिच्या हाती जागा, दर आणि हिशेब द्यावेत.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. इस्राएलमधील हैफा शहरात काही बालसंगोपन केंद्रांनी मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना लहानसा दंड बसवला, तेव्हा उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढली. पूर्वी पालकांना शिक्षिकेचा वेळ घेतल्याची लाज वाटे. दंड बसल्यावर पैसे मोजून वेळ विकत घेतल्याचे समाधान वाटू लागले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा इशारा यात्रागावांनी लक्षात ठेवावा. मंदिरासमोरच्या अरुंद वाटेवर मोटार उभी करण्याची पन्नास रुपयांची पावती फाडणे म्हणजे रुग्णवाहिकेची वाट विकणे होय. ती जागा कोणत्याही दराने मिळता कामा नये. पैसे घ्यावेत ते गावाबाहेरच्या मैदानाचे, आणि त्या पैशातून मैदान ते मंदिर अशी वृद्धांसाठी वाहनाची सोय, सावली, पाणी आणि स्वच्छतागृहे उभी राहावीत. एस.टी.ने येणाऱ्यावर यातला एक पैचाही भार पडू नये. तो जागा अडवतच नाही.

२०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी, वाहन ठेवण्यास जागा असल्याचा दाखला असल्याशिवाय नवी मोटार नोंदवू नये, असा विचार बोलून दाखवला. जपानने असा नियम १९६२ मध्येच केला होता आणि कल्पना म्हणून ती टाकाऊ नाही. पण तो दाखला फार तर मोटार रात्री कोठे राहते ते सांगेल. रविवारी दुपारी ती वज्रेश्वरीत कोठे राहणार, याचे उत्तर ठाण्याच्या किंवा बोरिवलीच्या दाखल्यात असणार नाही.

चैत्रातील यात्रेपूर्वी प्रशासनाची, पोलिसांची, देवस्थानाची आणि पंचायतीची बैठक होत असते. बंदोबस्त, पाणी, वीज, आरोग्यपथक हे तिचे नेहमीचे विषय. येत्या बैठकीत आणखी तीन गोष्टींची नोंद इतिवृत्तात व्हावी: वाहने कोणत्या गट क्रमांकाच्या जमिनीवर उभी राहणार, त्यांचे दर कोण ठरवणार, आणि जमा झालेली रक्कम कोणाच्या खात्यात जाणार. पहिल्या दोहोंची उत्तरे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्याच दिवशी देता येतील. तिसऱ्यासाठी मंत्रालयात जावे लागेल, आणि तेथे जाताना १९५८ च्या अधिनियमाचे १२४ वे कलम बरोबर न्यावे लागेल.